धनंजयराव गाडगीळ : ग्रंथालयातून उभा राहिलेला अर्थतज्ज्ञ

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आणि राज्यांना केंद्राची मदत वाटून देणारं 'गाडगीळ सूत्र' यामुळे धनंजयराव गाडगीळांचं नाव सीमाभागातही परिचित आहे. पण या कामाची मुळं पुण्यातल्या एका ग्रंथालयात आहेत, हे फारसं सांगितलं जात नाही.

१९०१ साली नाशिकला जन्मलेले गाडगीळ नागपुरात शिकले आणि पुढे केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला. काही वर्षं ते सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. १९३० मध्ये साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. पहिले संचालक झाले गाडगीळ, वय अवघं २९.

संस्थेला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचं ग्रंथालय हाताशी होतं. तेच दोघांचं सामायिक झालं. अर्थशास्त्राच्या संशोधकाला नुसती पुस्तकं पुरत नाहीत. जनगणनेचे खंड, अंदाजपत्रकं, आयोगांचे अहवाल लागतात. हे कागद वेळीच जमवले नाहीत तर पुढे शोधूनही सापडत नाहीत.

तरीही शेतकऱ्याला शेतीत उरतं किती, शहरातलं कुटुंब भागवतं कसं, हे सरकारी कागदांत कुठून मिळणार? मग गाडगीळांनी माणसं घरोघरी पाठवली. वाई तालुका, पुणे, सोलापूर, कोल्हापूर यांच्या पाहण्या झाल्या. गोदावरी-प्रवरा कालव्यांचा शेतीवरचा परिणाम अभ्यासला गेला. जे विकत मिळत नव्हतं, ते संस्थेनं स्वतः तयार करून कपाटात ठेवलं.

त्याच प्रवरा पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभारला, तेव्हा अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळलं. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामातही त्यांची अभ्यासू बाजू उपयोगी पडली.

१९६६ पर्यंत ते संचालक होते. १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास पुस्तकरूपाने आला. १९९३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथलं ग्रंथालय आज गाडगीळांच्याच नावानं ओळखलं जातं.