वेगळी चूल

तारिहाळला आमच्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की हंडे, बादल्या, घागरींची एकच धांदल. त्यातच माझ्या आजीची तांब्याची कळशी असते. आजी म्हणजे आईची आई. ती ख्रिस्ती झालेली नाही. आमच्यातच राहते, पण तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. मागच्या महिन्यात कॉलेजची बस चुकायला आली होती आणि मी घाईघाईत तिची कळशी उचलून बाजूला ठेवली. आजीनं सगळं पाणी ओतून दिलं. मी चिडून नको ते बोलले. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते.

त्याच आठवड्यात मंडळासाठी लक्ष्मीबाई टिळकांवर लिहायचं ठरलं आणि मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात घेतलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळ जलालपूरचा. वडील इतके सोवळे की घरात आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, हुशार, मनानं मोठे, पण तापट. न सांगता घरातून निघून जायचे, नोकऱ्या सोडायचे, हातातला पैसा कुणालाही देऊन टाकायचे. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई ते सगळं निभावत राहिली. पंधरा वर्षं. चर्चमध्ये सहनशीलतेवर बोलताना बहुतेक जण टिळकांनी बायकोची वाट पाहिली तिथूनच सुरू करतात. मला वाटतं, त्याआधीची ही वर्षं मोजायलाच हवीत.

10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत, आणि तरी संसार नाही. टिळक नगरला. पुढे त्या नगरला आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका घरात दोन धर्म, आणि रोज दोनदा जेवणाची वेळ! ज्या माणसाला कसलाच धीर धरवत नसे, तो इथं मात्र थांबला.

त्या बदलल्या त्या कुणाच्या प्रवचनानं नाही. एकदा रस्त्यानं चालता चालता त्यांच्या मनात विचार आला: जनावरांत जशा जाती नुसत्या बघून कळतात, तशा माणसांत कुठं कळतात? मग या देवानं केल्या की माणसांनी? त्या दिवशी त्यांनी ठरवलं, कुणाच्याही हातचं खायचं. गंमत म्हणजे तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याच नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, 1900 मध्ये घेतला. आधी सोवळं सुटलं, श्रद्धा मागून आली. देवानं क्रमाचा आग्रह धरला नाही, हे मला फार आवडतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते, उरलेले साठाहून जास्त लक्ष्मीबाईंनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी उतारवयात लिहिलं आणि 1936 मध्ये त्या गेल्या. पुस्तकात टिळकांचे दोष त्यांनी लपवले नाहीत, स्वतःचे तर नाहीतच. वाचताना हसू येतं आणि मध्येच गप्प व्हायला होतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण ही कथा सांगतो ती शेवट माहीत असल्यामुळे. नगरच्या त्या घरात टिळकांना शेवट कुठं माहीत होता? लक्ष्मीबाई जन्मभर वेगळ्याच चुलीवर शिजवत राहिल्या असत्या तर? देव किती थांबतो, हे आपण बहुतेक वेळा निकाल लागल्यावरच मोजतो. माझी आजी ऐंशीच्या पुढं आहे. ती बदलेल असं मला वाटत नाही, आणि आईनं तशी अट कधी घातलेली नाही.

काल पहाटे पाणी आलं. मी आमचे हंडे मागं सरकवले आणि नळ मोकळा ठेवला. आजीनं कळशी अर्धी अर्धी करून दोन खेपांत पाणी नेलं. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं, बस किती वाजता आहे.