लाटांचा जोर मोजणारे स्टीव्हन्सन

मुकुटबन-वणी पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्याच दुपारी अंगणातल्या भिंतीवर टांगलेला तापमापक मात्र याहून बराच जास्त आकडा दाखवतो. त्यात तापलेल्या भिंतीची आणि थेट उन्हाची भर पडलेली असते. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या, खेळत्या हवेचा असतो. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत तो मोजतात. या ‘स्टीव्हन्सन पेटी’चे जनक थॉमस स्टीव्हन्सन हे मुळात समुद्रात बांधकामे करणारे अभियंता होते.

त्यांचा जन्म २२ जुलै १८१८ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरोत झाला. वडील रॉबर्ट हे दीपगृहांचे नामांकित अभियंता; थॉमस यांनीही तोच व्यवसाय धरला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव.

लाट किती जोराने आदळते, हे त्या काळी अंदाजानेच ठरे. स्टीव्हन्सन यांनी त्यासाठी साधे यंत्र बनवले. समुद्राकडे तोंड केलेली लोखंडी तबकडी, तिच्यामागे स्प्रिंग आणि दांड्यांवर सरकणाऱ्या चामड्याच्या कड्या. लाट ओसरली तरी कडी सरकलेल्या जागीच राही आणि सर्वांत मोठ्या धक्क्याची नोंद मिळे. स्केरीव्होर येथे १८४३-४४ मध्ये उन्हाळ्यातला सरासरी दाब दर चौरस मीटरला सुमारे ३ टन, तर हिवाळ्यातला सुमारे १० टन भरला. मार्च १८४५ च्या वादळात तो ३० टनांच्या जवळ गेला. यंत्र तेच, पद्धतही तीच. म्हणून ऋतूंची तुलना करता आली.

शेटलंडजवळच्या बाउंड स्केरी बेटावर समुद्रसपाटीपासून २० मीटरहून उंच जागी लाटांनी ६ ते १३ टनांचे दगड उखडल्याचेही त्यांनी नोंदवले. असे दगड वादळाने हलवले की त्सुनामीने, याचा शोध आजही चालू आहे. त्यासाठी प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जाडी, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि किनाऱ्यापासूनचे अंतर एकाच पद्धतीने मोजावे लागते. नाहीतर एका किनाऱ्याची नोंद दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

समुद्राने त्यांना धडाही दिला. विक बंदरात त्यांनी व बंधू डेव्हिड यांनी उभारलेल्या बांधाचा १,३५० टनांचा भाग १८७२ च्या वादळाने सरकवला. त्या जागी बसवलेला २,६०० टनांचा भागही १८७७ मध्ये गेला आणि काम सोडून द्यावे लागले.

१८६४ च्या सुमारास त्यांनी हीच शिस्त हवेला लावली. झडपांतून वारा खेळतो, ऊन आत शिरत नाही. ८ मे १८८७ रोजी ते वारले. पेटी जगभर पसरली.

मैदानी भागात पारा किमान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश अधिक, किंवा थेट ४५ अंशांवर गेला की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. हे आकडे सावलीतले आहेत. शेतात किंवा बांधकामावर उन्हात राबणाऱ्याच्या अंगाला बसणारा ताप त्याहून जास्त असतो. म्हणून इशारा मिळाल्यावर दुपारचे काम टाळावे, तहान लागण्याआधीच पाणी प्यावे. अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.