‘थोडंफार’ला इंग्रजीत काय म्हणायचं? शोध सोलापुरात सुरू झाला होता

समोरच्याचं म्हणणं पटतं, पण सगळंच नाही. मराठी माणूस पटकन ‘काही अंशी खरंय’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत बोलताना मात्र ‘येस’ आणि ‘नो’च्या मध्ये गाडी अडते. तिथे ‘टू सम एक्स्टेंट’ लागतं. ‘थोडंफार’साठी ‘मोअर ऑर लेस’ आणि ‘काहीसा’साठी ‘समवॉट’.

हीच अडचण दोनशे वर्षांपूर्वी उलट्या बाजूने एका इंग्रजाला होती. त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

१७९५ साली जन्मलेले मोल्सवर्थ १८१२ मध्ये, ऐन सोळा-सतराव्या वर्षी, कंपनी सरकारच्या सैन्यात दाखल झाले. पेशवाई मावळली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांकडे आला. यंदा पीक थोडंफार झालंय, असं शेतकरी सांगायचा. त्यातलं ‘थोडंफार’ म्हणजे नेमकं किती, हे कळल्याशिवाय साहेबाला सारा ठरवणं अवघड होतं.

सोलापूरच्या छावणीत असताना मोल्सवर्थ यांनी मराठी शब्द गोळा करायला सुरुवात केली. पुढे सरकारी मंजुरी मिळाली, शास्त्री-पंडित मदतीला आले. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊही कामाला लागले. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून आला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते.

ग्रंथातल्या भारदस्त शब्दांसोबत घराघरातले शब्दही त्यात आले. काळा वेगळा आणि काळसर वेगळा, ओला वेगळा आणि ओलसर वेगळा. मराठीत ‘सर’ लावून जे काम होतं, ते इंग्रजीत बऱ्याचदा शेवटी ‘इश’ लावून होतं, जसं की ‘ब्लॅकिश’.

त्यानंतर इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला, पण तब्येत ढासळली. १८३६ मध्ये मोल्सवर्थ मायदेशी परतले. तो कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना त्याचा मोठा आधार झाला.

गंमत म्हणजे, शब्दांच्या अर्ध्यामुर्ध्या छटा टिपणारा हा माणूस स्वतः अर्धामुर्धा नव्हता. सैनिकी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही, असं वाटल्यावर त्यांनी सैन्य सोडलं आणि पेन्शनही नाकारली.

तरीही मराठीने त्यांना परत बोलावलंच. १८५१ मध्ये सरकारच्या निमंत्रणावरून ते पुन्हा भारतात आले. १८५७ मध्ये कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्द ६० हजारांवर गेले होते. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आज हा कोश शिकागो विद्यापीठाच्या वेबसाइटवर मोफत बघता येतो. एखाद्या मराठी शब्दाची इंग्रजी छटा सापडत नसेल, तर तिथे शोधून बघायला हरकत नाही.