हजरत यह्या (अलै.) : अल्लाहने ठेवलेले नाव

मूल जन्मले की आपण सुंदर नावाचा शोध घेतो. हजरत यह्या (अलै.) यांचे नाव मात्र मातापित्यांनी शोधले नाही, ते स्वतः अल्लाहने ठेवले.

हजरत जकरिया (अलै.) अतिवृद्ध झाले होते आणि पत्नी वंध्या होती. तरीही त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हळुवार साद घातली. उत्तरादाखल पुत्राची शुभवार्ता आली, नावासहित. यापूर्वी या नावाचा कोणी झाला नव्हता, असे सूरह मरयम सांगते.

त्यांचे हिब्रू नाव योहानान मानले जाते. अर्थ, ईश्वराने कृपा केली. तेच ग्रीकमध्ये योआनेस, रशियनमध्ये इव्हान, स्पॅनिशमध्ये हुआन, इंग्रजीत जॉन आणि मराठी बायबलात योहान झाले. अरबी 'यह्या'चा संबंध जीवनाशी जोडतात. त्याच सूरहच्या १३व्या आयतीत त्यांच्या अंतःकरणातील कोमलतेसाठी 'हनान' शब्द आला आहे. हिब्रू नावातील कृपेचा धातूही हाच!

बालपणीच त्यांना विवेक लाभला. ते मातापित्यांचे सेवक होते, उद्धट नव्हते. शासक हेरोद अँटिपासचा निषिद्ध विवाह त्यांनी निर्भयपणे अवैध ठरवला आणि त्यासाठी प्राण दिले, असे परंपरा सांगते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आजही त्यांच्या नावाची समाधी आहे.

नाव जिभांगणिक बदलले, चारित्र्य बदलले नाही. आपण मुलांना यह्या म्हणून हाक मारतो. परंतु त्या नावातील कोमलता आणि सत्यनिष्ठा त्यांना आपल्या घरात पाहावयास मिळते काय?