सातारचे शाहू महाराज आणि घरचा कलह

वडगाव रासाईकडे येणारी भीमा नदी वरच्या अंगास खेड गांवाजवळून वाहते. तेथें १७०७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत दोन सैन्यें समोरासमोर आलीं, आणि दोन्ही मराठ्यांचींच होतीं. एक पुतण्याचें, दुसरें चुलतीचें.

पुतण्या म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू. त्यांचा जन्म १६८२ सालचा. ह्याच भीमेच्या कांठीं १६८९ त वडिलांचा वध झाला, त्याच वर्षीं रायगड पडला, आणि सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोंगलांचे कैदी झाले. सतरा वर्षें छावणींत गेलीं. औरंगजेब वारल्यावर त्याच्या पुत्रानें, आजमशहानें, शाहूंस सोडलें. मातोश्रींस मात्र ओलीस ठेविलें. मराठ्यांत फूट पडावी हा हेतु होता, व तो सफल झाला.

ताराबाईंचा पक्षही अगदींच लटका नव्हता. पति राजाराम महाराज ह्यांच्या पश्चात् सात वर्षें त्यांनीं बादशहाशीं झुंज दिली. असें राखलेलें राज्य आपल्या पुत्राचेंच, असें त्या मानीत. आलेला तरुण तोतया आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. तेव्हां खंडो बल्लाळ चिटणीसांनीं शाहूंची भेट घेऊन ओळख पटविली, आणि सेनापति धनाजी जाधव खेडास शाहूंस मिळाले. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

छत्र मिळालें, पण स्वास्थ्य मिळालें नाहीं. धनाजींचे पुत्र चंद्रसेन १७११ त विरुद्ध गेले. कान्होजी आंग्र्यांनीं तर खुद्द पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांस कैद केलें. बाळाजी विश्वनाथांनीं १७१३ त पेशवाई स्वीकारून आंग्र्यांचें मन वळविलें नसतें, तर सातारची गादी टिकती कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंकाच वाटते. येसूबाई परत आल्या त्या १७१९ सालीं. मायलेकरांची ताटातूट बारा वर्षें चालली होती.

इकडे कोल्हापुरास १७१४ त ताराबाईंस त्यांच्या सवतीनेंच, राजसबाईंनीं, कैदेंत टाकलें. १७३० सालीं त्या शाहूंच्या हातीं लागल्या. महाराजांनीं सूड घेतला नाहीं. आणि ताराबाईंनींही साताऱ्यासच राहणें पत्करलें. पुढच्या वर्षीं वारणेचा तह होऊन कोल्हापूरचें राज्य राजसबाईंचे पुत्र संभाजी ह्यांच्याकडे राहिलें.

महाराज १७४९ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले. ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणलेला रामराजा गादीवर बसला. वर्ष पुरें होण्याच्या आंतच त्यांनीं त्यास सातारच्या किल्ल्यावर कैद केलें, आणि हा तोतया आहे, असें पुन्हां एकवार जाहीर केलें.