मुकुट उतरवून ठेवणारा सम्राट



नेत्याने स्वतः केलेला नियम स्वतःच मोडला, तर त्याने खुर्ची सोडावी की नाही? मिस्सेनंतर चर्चच्या आवारात हा वाद अधूनमधून रंगतो. काहींना राजीनाम्याखेरीज दुसरे काही चालत नाही. काहींच्या मते माणूस चुकतोच, काम चांगले करत असेल तर राहू द्यावे. अशा वेळी मला सम्राट थिओडोसियस आठवतो.

त्याचा जन्म इ.स. ३४७ च्या सुमारास स्पेनमध्ये झाला. वडील रोमन सैन्यातले नामांकित सेनापती. ३७६ च्या सुमारास कार्थेज येथे दरबारी आदेशाने त्यांचा शिरच्छेद झाला आणि मुलगा सैन्यातली नोकरी सोडून गावी परतला. राजाचा घाईचा हुकूम घराची काय अवस्था करतो, हे त्याने जवळून पाहिले होते. ३७८ साली गॉथ टोळ्यांशी लढताना सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. मग याच थिओडोसियसला बोलावणे आले आणि जानेवारी ३७९ मध्ये तो पूर्वेचा सम्राट झाला.

थेस्सलनीका हे शहर आपल्याला संत पौलाच्या पत्रांमुळे माहीत आहे. थिओडोसियसने सुरुवातीला तेथेच मुक्काम ठोकला. ३८० साली तेथूनच त्याने फर्मान काढले, की सर्व प्रजेने संत पेत्राकडून आलेली श्रद्धा पाळावी. त्याच वर्षी आजारपणात, त्याच शहरात, त्याने बाप्तिस्मा घेतला. रविवारच्या मिस्सेत म्हटला जाणारा नायसियाचा विश्वासांगीकार ज्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी जोडला जातो, ती ३८१ ची परिषदही त्यानेच बोलावली.

दहा वर्षांनी, ३९० साली, त्याच थेस्सलनीकात त्याच्या हातून घोर पाप घडले. तेथील सेनाधिकारी बुथेरिक याने लोकांच्या लाडक्या एका रथ हाकणाऱ्याला तुरुंगात टाकले. जमाव खवळला आणि त्याने बुथेरिकला ठार मारले. सम्राट तेव्हा मिलानमध्ये होता. संतापाच्या भरात त्याने सूड घेण्याचा हुकूम दिला. राग ओसरल्यावर तो मागे घेणारा दुसरा हुकूमही धाडला, पण तो उशिरा पोहोचला. सैनिकांनी लोकांची सरसकट कत्तल केली. अर्धशतकानंतर लिहिणारा इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा सात हजार देतो.

येथे एक कायदा लक्षात घेण्यासारखा आहे. सम्राटाने कठोर शिक्षा फर्मावली, तर तीस दिवस तिची अंमलबजावणी करू नये, असा तो कायदा. संहितेत त्यावर ३८२ हे साल आहे. ते बरोबर असेल, तर थिओडोसियसने स्वतःचाच कायदा मोडला. अनेक अभ्यासकांच्या मते तो या कत्तलीनंतरचा आहे. तसे असेल, तर त्याने स्वतःच्याच रागाला वेसण घातली.

मिलानचे बिशप होते संत अँब्रोज. चर्चच्या दारात हात आडवा करून त्यांनी सम्राटाला अडवले, असे चित्रांत दिसते, पण ती नंतरची आख्यायिका. प्रत्यक्षात ते शहराबाहेर गेले आणि तेथून त्यांनी स्वहस्ते एक खासगी पत्र लिहिले. त्यात दावीद राजाची आठवण दिली आणि सम्राट हजर असेल तर आपण मिस्साबलिदान अर्पण करू शकणार नाही, असे कळवले. पत्रात गादी सोडण्याची मागणी नव्हती.

का नसावी? ३०५ साली डायोक्लेशियनने राजपद सोडले होते, म्हणजे वाट माहीत होती. पण त्यानंतर जवळजवळ दोन दशके वारसदार एकमेकांशी लढत राहिले. थिओडोसियसचा थोरला मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, धाकटा सहाचासुद्धा नव्हता. गादी रिकामी होणे म्हणजे आणखी रक्तपात. अँब्रोज यांनी हाच हिशेब केला असेल, असे मी म्हणणार नाही. पण मला तो पटतो. आज मात्र तो लागू पडत नाही. लोकशाहीत पाच ओळींच्या पत्राने खुर्ची रिकामी होते आणि कोणाचे सैन्य चाल करून येत नाही. म्हणून स्वतःचा नियम मोडणाऱ्याने पायउतार व्हावे, असेच माझे मत आहे. पण नैतिक जबाबदारीचे नाव घ्यायचे, काय केले ते सांगायचेच नाही आणि सहा महिन्यांत दुसऱ्या खात्याची शपथ घ्यायची, असल्या राजीनाम्याने अँब्रोज यांचे समाधान झाले नसते.

सम्राटाने ते मान्य केले. राजचिन्हे उतरवून तो चर्चमध्ये सर्वांसमक्ष रडला. जगातला सर्वांत बलवान माणूस पापी म्हणून लोकांसमोर आला आणि काही महिने ख्रिस्तप्रसादाविना राहिला. ३९० च्या नाताळला त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

आम्हा धर्मगुरूंनी मात्र या गोष्टीने फुशारून जाऊ नये. दोनच वर्षांपूर्वी, ३८८ साली, युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचे सभास्थान जाळले होते. तेथील बिशपने ते बांधून द्यावे, असा न्याय्य हुकूम थिओडोसियसने दिला होता. तो मागे घ्यायला लावणारे हेच अँब्रोज. तेथे सम्राट बरोबर होता आणि संत चुकले.

सप्टेंबर ३९४ मध्ये थिओडोसियसने मोठी लढाई जिंकली. तरी रणात माणसे मारली गेली म्हणून मुले भेटायला येईपर्यंत तो आपणहून ख्रिस्तप्रसादापासून दूर राहिला. तेव्हा कोणा बिशपचे पत्र आले नव्हते. १७ जानेवारी ३९५ रोजी मिलानमध्ये त्याचे निधन झाले. अँब्रोज यांनी श्रद्धांजलीच्या प्रवचनात त्याच्या विजयांबरोबर त्या अश्रूंचीही आठवण काढली. ऐकणाऱ्यांत वेदीजवळ त्याचा दहा वर्षांचा मुलगा, नवा सम्राट होनोरियस, उभा होता.