लोलिंबराज

लोलिंबराज (सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध – सतराव्या शतकाचा पूर्वार्ध) हे महाराष्ट्रातील वैद्य आणि संस्कृत व मराठी कवी होते. ताप, अतिसार, खोकला, दमा अशा नेहमीच्या विकारांवरील उपचार काव्यरूपाने सांगणाऱ्या ‘वैद्यजीवन’ या संस्कृत ग्रंथामुळे ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

लोलिंबराज हे जुन्नरचे. त्यांच्या वडिलांचे नाव दिवाकर. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. त्यांनुसार लहानपणीच पोरके झाल्याने ते थोरल्या भावाच्या घरी वाढले. मात्र तारुण्यातही ते विद्येकडे व उद्योगाकडे फिरकले नाहीत. एकदा भावजयीने केलेली निर्भर्त्सना जिव्हारी लागून त्यांनी घर सोडले आणि नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावर देवीची आराधना केली. देवीच्या कृपेने त्यांना शीघ्रकवित्व व वैद्यकाचे ज्ञान लाभले, अशी श्रद्धा आहे.

जुन्नरच्या मुसलमान अधिकाऱ्याची कन्या मुरासा हिच्याशी त्यांनी विवाह केला व तिचे नाव रत्नकला ठेवले, असे परंपरा सांगते. धर्म आणि जातीची बंधने कडक असलेल्या त्या काळात हा विवाह असाधारण होता. लोलिंबराजांनी मात्र तो झाकून ठेवला नाही. उलट पत्नीला उद्देशूनच त्यांनी वैद्यक सांगितले. तिच्या निधनानंतर ते विरक्त होऊन पुन्हा सप्तशृंगावर गेले, असे सांगतात.

वैद्यजीवन

या ग्रंथाचे पाच विलास, म्हणजे अध्याय, आहेत. कवी रत्नकलेला संबोधून रोग व त्यावरील योग सांगतो. शृंगार, श्लेष आणि कूटप्रश्न यांमुळे औषधांची नावे सहज स्मरणात राहतात. आधीच्या बृहद्ग्रंथांतील विस्तार टाळून लोलिंबराजांनी थोडक्या द्रव्यांच्या काढ्यांवर व चूर्णांवर भर दिला. पथ्य पाळणाऱ्याला औषधाची फारशी गरज उरत नाही आणि न पाळणाऱ्याला औषधाचा उपयोग होत नाही, हा त्यांचा विचार वैद्यांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे.

खोकल्यावरील उपचारांची परंपरा

आयुर्वेदात खोकल्याला ‘कास’ म्हणतात. वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे त्याचे पाच प्रकार मानले आहेत व प्रकारानुसार उपचार बदलतो. कफ सुटण्यासाठी सुंठ, मिरी व पिंपळी यांचे चूर्ण, म्हणजे त्रिकटू, मधातून देतात. अडुळशाच्या पानांचा रस मधाबरोबर घेतात, तर रिंगणीच्या काढ्यात पिंपळीचे चूर्ण घालतात. कोरड्या खोकल्यात घसा मऊ राहावा म्हणून ज्येष्ठमध चघळतात. बेहड्याची सालही तोंडात धरतात. यांतील बहुतेक द्रव्ये स्वयंपाकघरात, परसात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी आहेत. अशा सुलभ उपचारांना श्लोकबद्ध करून त्यांचा प्रसार करण्यात ‘वैद्यजीवना’सारख्या लघुग्रंथांचा मोठा वाटा आहे.

अन्य ग्रंथ व प्रभाव

‘वैद्यावतंस’ व ‘चमत्कारचिंतामणी’ हे वैद्यकविषयक ग्रंथ, ‘हरिविलास’ हे कृष्णचरित्रपर संस्कृत काव्य आणि ‘रत्नकलाचरित्र’ ही मराठी रचना त्यांच्या नावावर आहे. ‘वैद्यजीवना’वर हरिनाथ, रुद्रभट्ट आदींनी संस्कृत टीका लिहिल्या. आटोपशीर व पाठांतरास सोपा असल्याने तो महाराष्ट्राबाहेरही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून अभ्यासला गेला.